नव्या देशात किराणा घेताना दर्जा बदलतो की आपली पारख?

नवखा_प्रवासी

नोकरीनिमित्त अलीकडेच युरोपात राहायला आलो. घर, बँक, प्रवास यांची घडी लवकर बसली. किराण्याची मात्र अजून बसत नाही. दुकाने स्वच्छ आहेत, मांडणी नेटकी आहे, फळे साच्यातून काढावीत इतकी एकसारखी आहेत, आणि तरीही टोमॅटो पाणचट लागतो. दूध तीन-तीन आठवडे टिकते, म्हणून ते प्यावे की नाही असा प्रश्न पडतो. अंडी थंड कपाटाबाहेर साध्या फळीवर ठेवलेली असतात. पिठाच्या पिशव्यांवर ४०५, ५५०, १०५० असे आकडे छापलेले असतात आणि त्यांचा उलगडा पिशवीवर कुठेही नसतो.

लेबले वाचण्यात वेळ जातो आणि घरी आल्यावर वाटते की पैसे गेले, पण हवे ते मिळाले नाही. खाद्यपदार्थांचा दर्जा खरोखरच वेगळा असतो, की दर्जा ओळखण्याची आपली जुनी मापे इथे लागू पडत नाहीत? निरनिराळ्या देशांत राहिलेल्या सदस्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

निवडणटिपण

दोन्ही. पण पहिले कमी आणि दुसरे जास्त.

उगाचच

नावडतीचे मीठ अळणी असते, हे सूत्र परदेशातील टोमॅटोलाही लागू करून पाहावे. पहिल्या हिवाळ्यात मला तिथले पाणीसुद्धा बेचव वाटत असे.

अन्नतंत्र

मी अन्नप्रक्रियेच्या क्षेत्रात काम करते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

टोमॅटोबाबत तुमची जीभ तुम्हाला फसवत नाही. दूरच्या बाजारासाठी पिकवलेला टोमॅटो बहुधा पूर्ण पिकण्याआधी, हिरवा किंवा किंचित रंग भरू लागलेला असताना तोडतात, कारण पिकलेले फळ प्रवासात टिकत नाही. पुढे रंग येतो, मऊपणा येतो, पण वेलीवर राहिला असता तर जितकी साखर आणि सुगंधी द्रव्ये त्यात साठली असती तितकी साठत नाहीत. त्यात वाणाचाही भाग आहे. सगळीकडून एकसारखे लाल होणारे फळ दिसायला चांगले आणि तोडायला सोयीचे, म्हणून पैदासकारांनी अनेक दशके तोच गुण निवडला. ज्या जनुकीय बदलामुळे ही एकसारखी रंगछटा येते, त्याच बदलामुळे कच्च्या फळातील हरितलवके (उजेडापासून साखर बनवणारे हिरवे कण) कमी होतात आणि परिणामी साखरही कमी भरते, हे २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील संशोधनातून दिसून आले. वर आपण तो घरी नेऊन फ्रीजमध्ये ठेवतो. साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली टोमॅटोची सुगंधी द्रव्ये तयार होण्याची क्रियाच मंदावते, त्यामुळे उरलासुरला वासही जातो.

म्हणजे इथे दर्जा ‘कमी’ नाही. तो एकसारखेपणा, टिकाऊपणा आणि डागविरहित साल या कसोट्यांवर ठरवला गेला आहे. चव त्या प्रतवारीत मोजलीच जात नाही. हंगाम नसताना मोठा टोमॅटो घेण्यापेक्षा लहान, द्राक्षाएवढे टोमॅटो घ्यावेत, त्यांत साखरेचे प्रमाण जास्त असते. शिजवण्यासाठी सरळ डब्यातला टोमॅटो घ्यावा. तो पिकल्यावर तोडून लगेच डबाबंद केलेला असतो, त्यामुळे जानेवारीतील ‘ताज्या’ टोमॅटोपेक्षा तो बहुतेक वेळा सरस ठरतो.

तराजू

अन्नतंत्र यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण निष्कर्षाशी असहमत. चव मोजलीच जात नसेल, तर त्यालाच ग्राहकाने दर्जा कमी असणे म्हणावे. उत्पादकाच्या कसोट्या उत्पादकाजवळ. मी पैसे खाण्यासाठी देतो, पाहण्यासाठी नाही.

सायसाखर

दुधाविषयी लिहिते, कारण परदेशात आल्यावर माझी सर्वांत जास्त चिडचिड दुधावरून झाली होती.

तीन प्रकार वेगळे ओळखता आले की निम्मा गोंधळ संपतो. साधे पाश्चरीकृत दूध सुमारे ७२ अंशांवर १५ सेकंद तापवलेले असते आणि फ्रीजमध्ये काही दिवसच टिकते. दुसरा प्रकार त्याहून थोड्या जास्त तापमानावर किंवा सूक्ष्म गाळणीतून प्रक्रिया केलेला असतो. तोही थंड कपाटातच मिळतो, पण न उघडता सुमारे तीन आठवडे राहतो. तुम्ही म्हणता ते दूध हेच असावे. तिसरे १३५ अंशांच्या वर दोन-चार सेकंद तापवून निर्जंतुक खोक्यात भरलेले असते, ते फ्रीजबाहेर कित्येक महिने टिकते आणि त्याला उकळून आटवल्यासारखा वास येतो. फ्रान्स आणि स्पेनमध्ये बहुतेक घरांत हेच दूध वापरतात. यात संरक्षक रसायन मिसळलेले नसते. टिकाऊपणा केवळ उष्णतेमुळे आणि बंद खोक्यामुळे येतो. खोके एकदा उघडले की हे दूधही इतर दुधाप्रमाणेच फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावे लागते.

सायीचे म्हणाल, तर ती न धरण्याचे कारण दूध पातळ असणे हे नव्हे. दुधातील स्निग्धांशाचे कण दाबाने इतके बारीक केलेले असतात की ते वर येऊन थर धरत नाहीत. ऑग्युस्त गोलँ या फ्रेंच संशोधकाने या यंत्राचे पेटंट १८९९ मध्ये घेतले, म्हणजे ही काही नवी भानगड नाही. स्निग्धांश किती, हे पाहायचे असेल तर आकडा वाचावा. युरोपीय संघात पूर्ण दुधात किमान ३.५ टक्के असतो, अमेरिकेत ३.२५ टक्के. साय हवीच असेल, तर ही प्रक्रिया न केलेले दूध शोधावे. बहुतेक देशांत ते जैविक (सेंद्रिय) मालाच्या विभागात मिळते.

एक सावधगिरीची सूचना आहे. तापवून प्रक्रिया केलेले दूध बिघडले की आंबट होऊन फाटेलच असे नाही. आंबवणारे जिवाणू तापवताना मेलेले असतात, त्यामुळे नंतर शिरलेले वेगळे जिवाणू ते कडवट करतात. आंबट वास येत नाही, म्हणून दूध चांगले, हा ठोकताळा इथे उपयोगाचा नाही. थेंबभर चाखून पाहावे.

मोजूनमापून

अंड्यांचा खुलासा करतो. अंड्याच्या कवचावर एक अतिसूक्ष्म नैसर्गिक लेप असतो आणि तो जिवाणूंना आत शिरू देत नाही. अमेरिकेत अंडी धुण्याची पद्धत आहे. धुताना हा लेप जातो, म्हणून तिथे अंडी सुमारे ७ अंशांवर थंड ठेवणे बंधनकारक आहे. युरोपीय संघात पहिल्या प्रतीची अंडी सामान्यतः धुता येत नाहीत. लेप शाबूत असल्याने ती दुकानात बाहेर ठेवलेली चालतात, आणि थंडीतून उबेत आल्यावर कवचावर दव धरू नये, म्हणून ती ग्राहकाच्या हाती जाईपर्यंत बाहेरच ठेवणे पसंत करतात. एकाच जिवाणूपासून बचाव करण्यासाठी दोन प्रदेशांनी परस्परविरुद्ध मार्ग निवडले आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी चालतात. घोळ तेव्हा होतो, जेव्हा एका देशातून दुसऱ्या देशात गेलेला माणूस आधीच्या देशाची सवय सोबत नेतो.

तुम्ही युरोपात असाल, तर अंड्यावर छापलेला क्रमांक पाहा. पहिला अंक ० असेल तर जैविक पद्धतीची, १ असेल तर कोंबड्या बाहेर मोकळ्या फिरणाऱ्या, २ असेल तर शेडमध्ये मोकळ्या, ३ असेल तर पिंजऱ्यातील. पुढची दोन अक्षरे देशाची असतात. खोक्यावरील हिरव्यागार कुरणाच्या चित्रापेक्षा हा एक अंक अधिक खरे बोलतो.

उगाचच

खोक्यावरील कुरणात चरणाऱ्या आनंदी कोंबडीने आजवर माझी अनेकदा दिशाभूल केली आहे, हे या निमित्ताने नमूद करतो.

नवखा_प्रवासी

आज दुकानात अंडी वळवून पाहिली. कुरणाचे चित्र असलेल्या खोक्यातील अंड्यांवर २ हा अंक निघाला. सायसाखर, तुमच्या माहितीने दुधाबाबतची धास्ती गेली. पिठाचे कोडे मात्र अजून सुटलेले नाही.

पाकसिद्धी

पिठावरील आकडे भीतिदायक दिसतात, पण ते फार उपयोगी आहेत. जर्मनीत हा आकडा म्हणजे १०० ग्रॅम कोरडे पीठ जाळल्यावर उरणाऱ्या राखेचे मिलिग्रॅममधील वजन. राख खनिजांची, आणि खनिजे मुख्यतः कोंड्यात. म्हणून ४०५ म्हणजे अगदी पांढरे, ५५० थोडे कमी पांढरे, १०५० बरेच कोंडायुक्त. फ्रान्समध्येही हेच तत्त्व आहे, पण तिथला आकडा दहापट लहान असतो. तिथले ५५ हे साधारण जर्मनीतील ५५०च्या जवळचे. जर्मनीत सबंध गव्हाचे पीठ हवे असेल, तर आकडा शोधण्यात वेळ घालवू नये, कारण त्या पिठाला बहुधा आकडा नसतो. त्या अर्थाचा स्थानिक भाषेतील शब्द एकदा पाठ करून ठेवावा.

पण पीठ लाटताना तुटते की लवचीक राहते, हे या आकड्यावरून पूर्ण कळत नाही. त्यासाठी पिशवीच्या मागे पोषणतक्ता पाहावा आणि प्रथिनांची ओळ वाचावी. ८-९ टक्के प्रथिने असलेले पीठ केकसाठी ठीक असते, १२-१३ टक्क्यांचे पावासाठी, आणि लाटून भाजायच्या पदार्थांसाठी यांच्या मधले घ्यावे. ब्रिटनमध्ये असाल, तर आणखी एक खबरदारी घ्यावी लागते, कारण तिथे फुगवण्याची पूड आधीच मिसळलेले पीठ साध्या पिठाशेजारीच ठेवलेले असते आणि पिशव्याही सारख्याच दिसतात. ते पीठ लाटून तव्यावर टाकले की जे काही तयार होते, त्याला कोणत्याच पाकशास्त्रात नाव नाही.

मापांकडेही लक्ष असू द्यावे. पाककृतीतील ‘एक कप’ अमेरिकेत सुमारे २३७ मिलिलिटर, ऑस्ट्रेलियात २५०, जपानमध्ये २००. ऑस्ट्रेलियातील मोठा चमचा २० मिलिलिटरचा, इतरत्र बहुधा १५चा. ‘इथले पीठच वाईट’ असा निकाल देण्याआधी वजनकाटा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवडणटिपण

पाकसिद्धी यांनी मागची बाजू वाचायला सांगितली, त्यात माझी भर. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, हे बहुतेक देशांत सारखे आहे. पहिले तीन घटक वाचले की पदार्थ कशाचा आहे ते कळते. समोरच्या बाजूचा मजकूर ही जाहिरात असते.

तक्ते मात्र देशागणिक बदलतात. युरोपात आकडे १०० ग्रॅममागे देणे बंधनकारक आहे, त्यामुळे दोन पाकिटांची तुलना सोपी जाते. अमेरिकेत ते एका वाढणीमागे असतात, आणि एका वाढणीत अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी ट्रान्स फॅट असेल, तर शून्य लिहिण्याची तिथे मुभा आहे. युरोपात ‘मीठ’ लिहितात, अमेरिकेत ‘सोडियम’. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ मिळते. रक्तदाब असलेल्यांनी हा गुणाकार लक्षात ठेवावा. ज्यांना एखाद्या पदार्थाचे वावडे आहे त्यांच्यासाठी असे की, युरोपीय संघात १४ घटक यादीत ठळक करावे लागतात, तर अमेरिकेत अशा घटकांचे ९ गट आहेत, आणि त्यांत तिळाची भर १ जानेवारी २०२३ पासून पडली.

दूरदेशी

तारखांविषयी कुणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. ‘या तारखेआधी उत्तम’ आणि ‘या तारखेपर्यंतच वापरा’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली चव आणि पोत यांची हमी आहे, ती उलटली म्हणून बिस्किटे फेकू नयेत. दुसरी सुरक्षिततेची आहे, आणि तिच्याशी काटकसर करू नये. युरोप, ऑस्ट्रेलिया आणि जपानमध्ये असा भेद स्पष्ट आहे. जपानमध्ये अंड्यावरील तारीख ती कच्ची खाण्यासाठी असते. त्यानंतर नीट शिजवून खाता येतात. अमेरिकेत मात्र लहान मुलांचे दूधपीठ वगळता तारीख छापण्याची केंद्रीय सक्ती नाही, त्यामुळे तिथे उत्पादक आपापल्या शब्दांत तारखा छापतात आणि लोक चांगले अन्न टाकून देतात.

विद्यार्थी असताना मी बराच काळ तारीख जवळ आलेल्या मालावर काढला. दुकान बंद होण्याआधी त्यावर सवलतीची चिठ्ठी लागते. कोणत्या दुकानात ती किती वाजता लागते, ही माहिती आम्ही मित्र परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेइतकी गुप्त ठेवत असू.

तराजू

सवलतीवरून आठवले. मोठे पाकीट नेहमी स्वस्त, हा समज घेऊन येऊ नये. किमतीच्या पट्टीवर खाली बारीक अक्षरांत किलो किंवा लिटरमागची किंमत असते, तीच वाचावी. युरोपीय संघात ती १९९८च्या निर्देशानुसार द्यावी लागते, ऑस्ट्रेलियात मोठ्या दुकानांवर २००९ पासून बंधन आहे. अमेरिकेत ते राज्यावर अवलंबून आहे, शिवाय तिथे पट्टीवरील किंमत करासह नसते.

मातीशी_नाते

इतका अभ्यास करण्यापेक्षा सरळ आठवडी बाजारात जावे आणि जैविक माल घ्यावा. चव आपोआप मिळते. आम्ही दुकानातील भाजी घेणे केव्हाच सोडले.

अन्नतंत्र

मातीशी_नाते, तुमचा अनुभव चांगला असेल, पण यात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. जैविक हे प्रमाणपत्र शेतीच्या पद्धतीचे आहे. युरोपातील हिरव्या पानाचे चिन्ह असो वा अमेरिकेतील शिक्का, प्रक्रिया केलेल्या पदार्थात किमान ९५ टक्के घटक जैविक असावे लागतात आणि परवानगी असलेली काही कीडनाशके या शेतीतही वापरतात. या चिन्हाने चवीची हमी मिळत नाही. दूरवरून आलेला, कच्चा तोडलेला जैविक टोमॅटोही तितकाच पाणचट असतो. तुम्हाला बाजारात चव मिळते, ती माल जवळचा आणि हंगामी असल्यामुळे. तिथेही प्रत्येक गाळा शेतकऱ्याचा असतो असे नाही. काही जण घाऊक बाजारातून आणून विकतात. हिवाळ्याच्या ऐन मध्यावर ज्याच्याकडे सगळी फळे आहेत, तो स्वतः पिकवत नाही हे उघड आहे.

फळांबाबत एक सोपी विभागणी सांगते. केळे, नाशपाती, आंबा, अवोकाडो ही फळे तोडल्यावरही पिकतात, म्हणून कच्ची घेऊन घरी ठेवता येतात. द्राक्षे, स्ट्रॉबेरी, संत्री, अननस तोडल्यावर गोड होत नाहीत. ती दुकानात जशी आहेत तशीच राहणार, त्यामुळे वास आला तरच घ्यावीत.

मातीशी_नाते

हंगामाचा मुद्दा मान्य. चिन्हाचा अर्धा मान्य; शेतीची पद्धत हेही मी पैसे देण्याचे पुरेसे कारण मानतो.

सायसाखर

याच ओघात पाण्याचा उल्लेख व्हायला हवा. नव्या देशात कडधान्ये शिजत नाहीत अशी तक्रार फार ऐकू येते आणि दोष दाण्यांना दिला जातो. लंडनसारख्या शहरात नळाचे पाणी जड, म्हणजे क्षारयुक्त आहे. त्यातील कॅल्शियम दाण्याच्या सालीतील पेक्टिनला (पेशी एकमेकींना चिकटवणाऱ्या द्रव्याला) घट्ट धरून ठेवते, म्हणून कितीही शिजवले तरी साल चिवट राहते. भिजवण्याच्या पाण्यात थोडे मीठ घातले, तर सोडियम त्या कॅल्शियमची जागा घेते आणि दाणा मऊ शिजतो. चिमूटभर खाण्याचा सोडाही चालतो, पण जास्त झाला तर साबणासारखी चव येते. दाणे फार जुने असतील, तर मात्र हा उपायही अपुरा पडतो.

उगाचच

म्हणजे माझे पाण्याविषयीचे मत अगदीच निराधार नव्हते.

तराजू

मूळ प्रश्नाकडे येतो. दर्जा वेगळा असतो की नाही? एवढी चर्चा वाचूनही माझे मत कायम आहे की काही गोष्टींत तो खरोखर खाली असतो, आणि नव्याने आलेल्या माणसाला ‘तुझीच पारख चुकते’ असे सांगणे अन्यायाचे आहे. महिनोन्महिने शीतगृहात, प्राणवायू कमी केलेल्या हवेत ठेवलेले सफरचंद कुरकुरीत असेल, पण झाडावरून नुकत्याच उतरवलेल्या सफरचंदाचा गंध त्याला नाही. हे जिभेला कळते, त्याला नवखेपणा म्हणू नये. दुसऱ्या बाजूने, दुधाची शुद्धता, माल कुठून आला याचा माग आणि भेसळीवरील वचक या बाबतीत तुम्हाला कदाचित अधिक चांगले मिळत असेल, आणि ते जिभेला कळत नाही, म्हणून त्याचे श्रेय आपण देत नाही.

अन्नतंत्र

या रूपात मांडले तर सहमत आहे.

नवखा_प्रवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. टोमॅटो डब्यातला आणला, फरक लगेच जाणवला. पिठाच्या दोन पिशव्यांवरील प्रथिने ताडून पाहिली. आकडा तोच असूनही दोन उत्पादकांत जवळजवळ दोन टक्क्यांचा फरक होता, म्हणजे पाकसिद्धी म्हणतात ते खरे आहे. तराजू, तुमच्या शेवटच्या प्रतिसादाने माझा प्रश्न मला अधिक नीट कळला.

आता एक उपप्रश्न. आम्ही दोघेच आहोत, येथे रविवारी दुकाने बंद असतात आणि भाज्यांची पाकिटे मोठी असतात. गोठवलेल्या भाज्या घेणे म्हणजे दर्जाशी तडजोड होईल का?

पाकसिद्धी

मटार, मका आणि पालक यांच्या बाबतीत अजिबात नाही. मटार तोडल्यावर काही तासांत उकळत्या पाण्यातून काढून गोठवतात, त्यामुळे तो दुकानात चार दिवस पडलेल्या शेंगांपेक्षा गोड लागतो. ज्या भाज्या कुरकुरीत राहाव्यात अशी अपेक्षा आहे, त्या गोठवलेल्या घेऊ नका. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात आणि भाजी लिबलिबीत होते. पाकीट हाताने चाचपून पाहा, दाणे सुटे लागले पाहिजेत. आत एकसंध गोळा लागला, तर ते मध्ये कधीतरी वितळून पुन्हा गोठले आहे असे समजा आणि शेजारचे पाकीट उचला. घरी आणल्यावर वितळवत बसू नका, तसेच गरम भांड्यात टाका.

दूरदेशी

आणि शनिवारी सकाळीच जा. संध्याकाळी सगळे गाव रविवारची तजवीज करायला आलेले असते.